चारशे पंचावन्न

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. गुडघ्याचं निमित्त सांगता येईल, पण खरं कारण आळस. आज मात्र लिहायचंच असं ठरवून बसलोय. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय, आणि ज्याने तो विचारला होता तो आता नाही.

गेल्या रविवारी पुतण्या कराडहून आला तो एक खोकं घेऊनच. वहिनींनी माळा आवरायला काढला होता, त्यात दादाने स्वतः जुळवलेला ट्रान्झिस्टर निघाला. "काकांकडे दे, ते जपतील," असं सांगून त्यांनी तो माझ्याकडे धाडला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कराडला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, चाळीसएक वर्षं. २०१९ साली तो गेला.

खोकं उघडल्यावर नातवाला कुठला धीर! मागचं झाकण निघालं. आत फेराइटची काळी कांडी, तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, गँग कंडेन्सर, आणि पत्र्याच्या नखाएवढ्या चार चौकोनी डब्या. प्रत्येक डबीच्या डोक्यावर एक रंगीत स्क्रू: लाल, पिवळा, पांढरा, काळा. "आजोबा, हे कशाचे?" असं म्हणत त्याने टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला मात्र, मी असा ओरडलो की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

ओरडायला कारण होतं. साधारण १९६५-६६ सालची गोष्ट. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. शाळा सुटली की दादाच्या दुकानात जाऊन बसायचं, झाडलोट करायची, गिऱ्हाईक आलं तर नाव वहीत टिपायचं, असा माझा क्रम. एका संध्याकाळी दादा चहाला गेला होता. टेबलावर कुणाचा तरी दुरुस्त होऊन तयार असलेला ट्रान्झिस्टर उघडा पडला होता. मला वाटलं, हे रंगीत स्क्रू जरा सैल दिसताहेत, आवळून टाकावेत. दादाचं तेवढंच काम हलकं होईल! मी चारही स्क्रू छान घट्ट आवळले. दादा आला, सेट लावला, तर नुसती खरखर. काटा इकडून तिकडे फिरवला तरी एक स्टेशन लागेना.

दादा मला काही बोलला नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर पुन्हा दुकान उघडून बसला. प्लास्टिकच्या विणायच्या सुईला घासून त्याने चपटं टोक केलेलं होतं, कारण लोखंडी हत्यार जवळ नेलं तरी त्या डबीतला सूर बदलतो. त्या सुईने एकेक स्क्रू केसभर फिरवायचा, कान लावून ऐकायचं, पुन्हा केसभर फिरवायचा. दीड-दोन वाजेपर्यंत हे चाललं होतं. मी शेजारी अपराध्यासारखा बसून. शेवटी पुणे केंद्र स्वच्छ लागलं असावं, कारण दादाने मेणाचा एकेक थेंब स्क्रूंवर सोडला आणि मला म्हणाला, "हे सैल नसतात रे. ते जागेवर असतात."

या डब्यांना रेडिओवाले आयएफटी म्हणतात. आय. एफ. म्हणजे इंटरमिजिएट फ्रीक्वेन्सी. शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत मध्यवर्ती वारंवारता म्हणता येईल. मी साधं 'मधली वारंवारता' म्हणतो. ही काय भानगड आहे ते आधी सांगतो. मी इतिहासाचा मास्तर, बी. ए. मराठी माध्यमातला, तेव्हा चुकलं तर आमच्या घरच्या इंजिनिअर मंडळींनी समजून घ्यावं.

आमच्या आळीतल्या भजनी मंडळात एक पेटीवाले होते. त्यांची बोटं एकाच पट्टीत सराईत. गाणारा काळी एकमध्ये गाणारा असो की पांढरी पाचमध्ये, यांची पंचाईत. पुढे मंडळाने वर्गणी काढून स्केल चेंजर पेटी घेतली. आता गाणारा कुठल्याही पट्टीत सूर लावो, पेटीवाले पट्ट्यांची अख्खी फळी सरकवून घेत आणि आपल्या सवयीच्याच पट्ट्यांवर बोटं चालवत. प्रत्येक पट्टीत वाजवण्याची तालीम करण्यापेक्षा, एका पट्टीत पक्की तालीम करायची आणि सगळ्यांना त्या पट्टीत आणायचं.

रेडिओने हेच केलं. प्रत्येक केंद्राची वारंवारता वेगळी. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं (आमच्या लहानपणी किलोसायकल म्हणत), मुंबईचं एक केंद्र १०४४ वर. हे संदेश हवेतून येतात तेव्हा अगदी क्षीण असतात. त्यांना हजारो पटींनी मोठं करायचं आणि शेजारच्या केंद्राचा आवाज त्यात मिसळू द्यायचा नाही, अशी दोन्ही कामं एकदम करायची. प्रत्येक वारंवारतेवर ही कामं सारखी नीट करणं फार कठीण. म्हणून सेट आपल्या पोटात स्वतःची एक लहर तयार करतो. पुणे लावलं असेल तर ही घरची लहर १२४७ ची. दोन्ही लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्या फरकाची एक लहर निघते. १२४७ वजा ७९२, उरले ४५५. मुंबई लावलं तर गँग फिरल्याबरोबर घरची लहरही १४९९ वर सरकते. वजाबाकी पुन्हा ४५५! केंद्र कुठलंही असो, आतल्या डब्यांपर्यंत पोचताना ते ४५५ होऊनच पोचतं. निवेदिकेचा आवाज, गाणं, बातम्या, सगळं त्या नव्या लहरीवर जसंच्या तसं स्वार असतं. त्या डब्या कारखान्यात किंवा दादासारख्या माणसाच्या टेबलावर एकदा ४५५ ला लावल्या की झालं. मग गिऱ्हाइकाने फक्त काटा फिरवायचा. (चारपैकी लाल स्क्रू त्या घरच्या लहरीचा. पिवळा, पांढरा, काळा हे ४५५ चे.) मी ते सगळे आवळले तेव्हा पेटीवाल्याची बोटंच बांधून टाकली होती, असं समजा.

फरकाची लहर निघते कशी, हे तंबोरा जुळवताना ऐकू येतं. एक तार सेकंदाला २०० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २०३ वेळा, तर आवाज सेकंदाला तीन हेलकावे खातो. रेडिओत अगदी तंतोतंत तसंच होत नाही, तिथे मिसळायचं काम व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टरला करावं लागतं, पण मूळ जातकुळी तीच.

आता इतिहास. निवृत्तीनंतर एकदा मी कराडला गेलो होतो. दादा दुकानात बसून असाच एक सेट उघडत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "तू इतिहासाचा मास्तर ना? मग सांग, हे सुपरहेट कुणी शोधून काढलं?" मी बिनधास्त म्हणालो, "मार्कोनी." दादा हसला. म्हणाला, "मार्कोनीच्या वेळी हे नव्हतं. बघ कधी सवड झाली तर." मी 'बघतो' म्हणालो आणि बघितलं नाही. आता खोकं घरात आल्यावर बघितलं.

पहिलं नाव निघतं ते रेजिनाल्ड फेसेंडन यांचं. जन्माने कॅनडाचे, काम अमेरिकेत. त्या काळी बिनतारी संदेश म्हणजे मोर्सचे कडकट्ट. अखंड वाहणाऱ्या लहरीवर संदेश पाठवला तर ती लहर कानाला ऐकूच येत नाही, इतकी ती जलद असते. फेसेंडन यांनी १९०१ साली सुचवलं की येणाऱ्या लहरीत दुसरी, जवळपासच्या वारंवारतेची लहर मिसळा. दोहोंचा फरक कानाला ऐकू येईल इतका संथ ठेवा, म्हणजे शिट्टीसारखा सूर मिळेल. ग्रीक भाषेतले दोन शब्द, 'दुसरा' आणि 'शक्ती', जोडून त्यांनी नाव दिलं हेटेरोडाइन. कल्पना पक्की होती, पण ती दुसरी लहर स्थिर आणि स्वस्तात निर्माण करणारं साधन जगात नव्हतं. कल्पना दहा-बारा वर्षं तशीच पडून राहिली.

साधन आलं ते व्हॉल्व्हच्या रूपाने. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन टोकांचा व्हॉल्व्ह केला. त्याच्या पोटात काय चालतं हे मात्र त्यांना स्वतःलाही नीट उमगलं नव्हतं. ते ज्याला उमगलं तो कोलंबिया विद्यापीठातला एक विद्यार्थी, एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला संदेश थोडा पुन्हा आत सोडला तर तो कित्येक पटींनी वाढतो, आणि जास्तच सोडला तर व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो, हे त्याने १९१२ साली दाखवलं. फेसेंडनना हवी होती ती घरची लहर आता एका काचेच्या दिव्यातून मिळू लागली. पोराजवळ पेटंटच्या अर्जापुरते पैसे नव्हते. वडील म्हणाले, आधी पदवी घे. म्हणून त्याने नुसती आकृती काढून ती नोटरीपुढे साक्षांकित करून ठेवली. ती तारीख होती ३१ जानेवारी १९१३. ही तारीख लक्षात ठेवा.

मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि आर्मस्ट्राँग कॅप्टन म्हणून पॅरिसच्या लष्करी प्रयोगशाळेत दाखल झाला. त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न त्याने पुढे १९२१ मध्ये छापलेल्या निबंधात नोंदवलाय: ५ लाख ते ३० लाख कंपनांच्या पट्ट्यातले अतिशय क्षीण संदेश पकडायचे, आणि तेही कमीत कमी फिरवाफिरवीत. तेव्हाच्या व्हॉल्व्हना इतक्या जलद लहरी झेपत नसत. व्हॉल्व्हच्या आतल्या दोन पत्र्यांमधूनच लहर गळून जायची, किंवा व्हॉल्व्ह नको तेव्हा कोकलू लागायचा. लंडनमध्ये राउंड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने खास व्हॉल्व्ह करून मार्ग काढला होता, पण तसे व्हॉल्व्ह बनवणं सोपं नव्हतं.

१९१८ च्या सुरुवातीला पॅरिसवर जर्मन विमानांचे हल्ले होत होते. एका रात्री तो हल्ला बघताना आर्मस्ट्राँगच्या मनात आलं, विमानाच्या इंजिनातल्या ठिणगीतून फार जलद लहरी बाहेर पडत असणार. त्या ऐकता आल्या तर काळोखात विमान कुठे आहे ते कळेल. त्या तर मुळीच झेपण्यासारख्या नव्हत्या. आणि इथे त्याने प्रश्नच उलटा केला. व्हॉल्व्हला लहरीच्या वेगापर्यंत चढवता येत नाही ना? मग लहरीलाच व्हॉल्व्हला झेपेल त्या वेगापर्यंत उतरवू. फेसेंडन यांनी फरक कानाला ऐकू येईल इतका खाली आणला होता. आर्मस्ट्राँगने फरक मध्येच थांबवला, कानाच्या वर आणि आकाशाच्या खाली. तिथे संदेश हवा तेवढा मोठा करायचा, निवडायचा, आणि मगच कानासाठी उतरवायचा. ही झाली मधली वारंवारता. कानाच्या पलीकडची म्हणून 'सुपर', आणि यंत्राचं नाव सुपरहेटेरोडाइन. आमच्या दादाचं सुपरहेट. त्याने आठ व्हॉल्व्हचा सेट जुळवला, पण कामाला यायच्या आत, नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धच संपलं. ज्या विमानांसाठी डोकं चालवलं त्यातलं एकही या सेटने पकडलं नाही. ३० डिसेंबर १९१८ ला त्याने फ्रान्समध्ये पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेतलं पेटंट १९२० च्या जूनमध्ये हाती आलं.

इथे मी वही मिटणार होतो. 'सुपरहेटचा शोध: आर्मस्ट्राँग, १९१८.' एका वाक्यात उत्तर, एक गुण. पण पुढे वाचलं तर त्याच पॅरिसमध्ये आणखी एक माणूस निघाला.

लुसियाँ लेवी हा फ्रेंच अधिकारी आयफेल टॉवरच्या लष्करी रेडिओ केंद्रात काम करत होता. (आयफेल टॉवर वीस वर्षांच्या मुदतीवर बांधलेला होता. १९०९ मध्ये मुदत संपली तेव्हा तो वाचला त्याला त्याचा हा रेडिओतला उपयोग कारणीभूत झाला.) लेवीला विमानं ऐकायची नव्हती. त्याला संदेशांत घुसणारी खरखर नि व्यत्यय गाळायचा होता आणि संदेश गुप्त ठेवायचे होते. त्यासाठी त्यानेही कानाच्या वरची, मधली लहर वापरली, आणि फ्रान्समध्ये अर्ज दिला ४ ऑगस्ट १९१७ ला. आर्मस्ट्राँगच्या सोळा-सतरा महिने आधी. पलीकडे शत्रूच्या देशात, बर्लिनला, सीमेन्समध्ये काम करणाऱ्या वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ च्या जूनमध्ये जर्मनीत जवळजवळ हीच कल्पना नोंदवली होती. शॉट्की हे नाव आमच्या इंजिनिअर मंडळींना डायोडमुळे ठाऊक असेल. तेच हे.

म्हणजे एकाच युद्धात, खंदकाच्या दोन्ही बाजूंना, तीन माणसं तीन वेगळ्या गरजांपोटी एकाच जागी पोचली होती. मला यात नवल वाटलं आणि वाटलंही नाही. व्हॉल्व्ह हातात आला होता, फेसेंडनची वजाबाकी ठाऊक होती, आणि युद्धाने सगळ्यांपुढे क्षीण संदेशांचा प्रश्न टाकला होता. पीक तयार असलं की कापणी करणारे चारी बाजूंनी येतात.

पुढे व्यवहार सुरू झाला. १९२० मध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीने आर्मस्ट्राँगची आधीची आणि ही, अशी पेटंटं ३,३५,००० डॉलरला विकत घेतली. १९२३ च्या डिसेंबरात आर्मस्ट्राँगचं लग्न झालं. बायको मॅरियन ही आरसीए कंपनीतल्या डेव्हिड सारनॉफ यांची सेक्रेटरी. लग्नात त्याने तिला दागिना दिला नाही, उचलून नेता येईल असा सुपरहेट रेडिओ स्वतः बनवून दिला. समुद्रकिनाऱ्यावर त्या खोक्याशेजारी बसलेल्या दोघांचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९२४ मध्ये आरसीएने सुपरहेट बाजारात आणला. त्याच्या स्पर्धेतल्या बऱ्याच सेटांना तेव्हा तीन-तीन बटणं असत. स्टेशन लावायचं तर तिन्ही एकेक करून जुळवायची, आणि कुठल्या बटणावर किती आकडा ते कागदावर लिहून ठेवायचं.

आकडा मात्र तेव्हा ४५५ नव्हता. सुरुवातीला मधली वारंवारता ५० किलोसायकलच्या आसपास असे, कारण जितकं खाली तितकं व्हॉल्व्हला सोपं. पण त्यात एक खोट होती. पुण्याचंच उदाहरण घेऊ. ७९२ साठी घरची लहर ८४२ ठेवली की फरक ५०. पण ८९२ वर दुसरं केंद्र असेल तर त्याचाही ८४२ शी फरक ५० च! वजाबाकीला पुढचं-मागचं कळत नाही. दोन केंद्रं एकावर एक बोलू लागतात. याला इंजिनिअर लोक 'इमेज' म्हणतात, म्हणजे आरशातलं भूत. मधली वारंवारता जितकी वर न्यावी तितकं हे भूत दूर जातं. १९३० च्या सुमारास ती १७५ पर्यंत चढली, आणि व्हॉल्व्ह सुधारले तशी त्या दशकातच ४५५ किंवा ४६५ च्या घरात येऊन स्थिरावली. आता पुण्याचं भूत १७०२ वर, म्हणजे मीडियम वेव्हच्या पट्ट्याच्या बाहेरच! ते दारातल्या पहिल्याच चाळणीत अडतं. फार वर नेलं तर शेजारची केंद्रं वेगळी काढणं अवघड, आणि खुद्द मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच शिरायची भीती. ४५५ हा आकडा लाँग वेव्ह आणि मीडियम वेव्ह यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. तो कुणा एकाने शोधून काढलेला आकडा नाही. सगळ्या अडचणींची समजूत घालत घालत तो तिथे येऊन बसला.

आणि कोर्ट? लेवीचे अमेरिकेतले हक्क एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने विकत घेऊन भांडण मांडलं. १९२८ मध्ये निकाल लागला. आर्मस्ट्राँगच्या नऊ दाव्यांपैकी सात लेवीकडे गेले. उरलेले दोन जनरल इलेक्ट्रिकचे अलेक्झांडरसन आणि एटी अँड टीचे केंडल यांना एकेक. आर्मस्ट्राँगच्या हाती शून्य. पैसे त्याला आधीच मिळाले होते, आणि मोठ्या कंपन्यांनी आपसांत देवघेवीचे करार केलेले असल्याने सेट बनायचे ते बनतच राहिले. गंमत अशी, की कोर्टाने लेवी म्हटलं तरी जगाच्या तोंडी नाव राहिलं ते आर्मस्ट्राँगचं.

पण त्याचं समाधान झालं नाही. त्याच्या पहिल्या शोधावर, त्या नोटरीच्या आकृतीवर, डी फॉरेस्ट यांनी दावा लावला होता. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही शोध डी फॉरेस्टना देऊन टाकला. त्याच वर्षी आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या अधिवेशनात आपलं जुनं सन्मानपदक परत करायला गेला. संस्थेने ते घ्यायला नकार दिला, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. धंद्यातल्या माणसांना ठाऊक होतं काय ते. त्याच सुमारास त्याने खरखर नसलेला एफएम रेडिओ सिद्ध केला (त्यातही मधली वारंवारता आहेच, १०.७ मेगाहर्ट्झ). दुसऱ्या महायुद्धात ती पेटंटं त्याने सैन्याला फुकट वापरू दिली. पण युद्धानंतर एफएमवरून आरसीएशी दावे सुरू झाले, १९४८ पासून वर्षानुवर्षं साक्षी-पुरावे. पैसा गेला, तब्येत गेली, घरात भांडणं झाली, मॅरियन बहिणीकडे निघून गेली. १९५४ च्या ३१ जानेवारीच्या रात्री बायकोला चिठ्ठी लिहून त्याने न्यूयॉर्कमधल्या तेराव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून उडी मारली. वय ६३. तारीख तीच, ३१ जानेवारी. मॅरियनने पुढे एकेक दावा चालवला आणि जिंकला. शेवटचा १९६७ मध्ये.

मी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. 'जोड्या लावा: शोध आणि संशोधक.' किती पेपर तपासले असतील त्याची गणती नाही. रेडिओपुढे मार्कोनी नसेल तर लाल शाईने फुली. एकदा एका मुलाने जगदीशचंद्र बोस लिहिलं होतं, त्यालाही फुली मारल्याचं मला आठवतंय. बोसांनी कोलकात्यात १८९५ साली बिनतारी लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्या मुलाला बोलावून 'का रे, असं का लिहिलंस?' एवढं विचारायला काय हरकत होती? पण आमच्या उत्तरपत्रिकेत एका शोधापुढे एकच रेघ छापलेली असे, आणि रेघेवर एकच नाव बसतं. न्यूयॉर्कच्या त्या माणसाचा जीव त्या रेघेत अडकला होता, असं आता वाटतं.

आता जे लिहायला बसलो होतो ते. २००८ साली मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने सत्कार केला. मी पंधरा-वीस मिनिटं बोललो. मुख्याध्यापकांचे, माझ्या गुरुजींचे, सहकाऱ्यांचे, अगदी शिपायाचेही आभार मानले. तिसऱ्या रांगेत दादा बसला होता, वहिनींनी इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून. मी कॉलेजात जावं म्हणून अकरावीनंतर शिक्षण सोडून ज्याने दुकान टाकलं, ज्याने त्या टेबलाच्या खणातून माझी फी दिली, त्याचा उल्लेख राहून गेला. मुद्दाम नाही, विसरलो. घरी आल्यावर लक्षात आलं, आणि मग आता काय सांगायचं म्हणून तेही सांगितलं नाही. दादाने कधी विषय काढला नाही.

'दादाला नावाची हाव नव्हती, म्हणून तो मोठा,' असं मी अनेकदा मनाशी म्हटलंय. आर्मस्ट्राँगची गोष्ट वाचताना हेच वाक्य पुन्हा मनात आलं, आणि या वेळी मला ते खटकलं. दादा मोठा होता हे खरं. पण त्याने मागितलं नाही, एवढ्यावरून माझं देणं फिटत नाही.

तेव्हा दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: फेसेंडन, लेवी, शॉट्की, आर्मस्ट्राँग, आणि या चौघांच्या आकृत्या आमच्यासारख्यांच्या घरात बोलत्या ठेवणारे गावोगावचे दुकानदार. एका वाक्यात बसत नाही. आणि माझी बी. ए.ची पदवी कुणामुळे, याचं उत्तर मात्र एका शब्दाचं आहे. ते त्या दिवशी माईकवर सांगायचं राहिलं, म्हणून इथे सांगतो. वहिनी आणि पुतण्या हे वाचतीलच.

रात्री नातवाने सेटमध्ये नवे सेल घातले. बराच वेळ खरखर झाली, मग काट्याच्या एका टोकाला कुठलं तरी केंद्र लागलं, बारीक पण स्वच्छ. भाषा कळली नाही, बहुधा कानडी असावी. मेणाचे थेंब अजून स्क्रूंवर आहेत. नातवाला मी सांगून ठेवलंय, बाकी काहीही उघड, त्यांना हात लावू नकोस.

असो. गुडघा आता बोलायला लागलाय, उठतो. तुमच्याकडे जुने सेट असतील, किंवा गावातल्या रेडिओवाल्याच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.